नावेतला वेळ

सामान्य काळातील सोळावा रविवार
पहिले वाचन : यिर्मया 23:1-6
दुसरे वाचन : इफिसकरांस 2:13-18
शुभवर्तमान : मार्क 6:30-34



आजच्या शुभवर्तमानात संत मार्क एक साधी गोष्ट सांगतो. येशूभोवती येणाऱ्या-जाणाऱ्यांची इतकी गर्दी होती की त्याला आणि त्याच्या शिष्यांना दोन घास खायलाही सवड मिळत नव्हती. ही गोष्ट आपल्याला ओळखीची वाटते, नाही का? जेवण उभ्या उभ्या, चहा गार झालेला, तोंडातला घास तोंडात आणि दारात कोणीतरी हाक मारतंय. आपल्या घरातले चित्र याहून वेगळे नाही.

शिष्य नुकतेच परतले होते. येशूने त्यांना दोघादोघांना करून गावोगाव पाठवले होते. त्यांनी शुभवार्ता सांगितली, आजाऱ्यांना बरे केले आणि परत येऊन सगळा वृत्तांत येशूला दिला. याच सुमारास आणखी एक बातमी सर्वत्र पसरली होती. हेरोद राजाने योहान बाप्तिस्ताचा शिरच्छेद केला होता. म्हणजे शिष्य अंगाने थकलेले होते आणि मनानेही जड झालेले होते. येशूने त्यांचा वृत्तांत ऐकून घेतला आणि पुढचे काम सांगितले नाही. आपण सगळे एका निवांत जागी जाऊ, तुम्ही थोडी विश्रांती घ्या, असे तो म्हणाला. मग ते नावेत बसून निघाले.

पुढे काय झाले ते आपण ऐकले. लोकांनी त्यांना जाताना पाहिले आणि किनाऱ्याकिनाऱ्याने पायी धावत जाऊन ते नावेच्या आधीच तिथे पोहोचले. नाव काठाला लागली तेव्हा निवांत जागा राहिलीच नव्हती. तिथेही गर्दीच उभी होती.

मग शिष्यांना विश्रांती मिळाली ती केव्हा? फक्त नावेत! गालील सरोवर लांबीला सुमारे 21 किलोमीटर आणि रुंदीला सुमारे 13 किलोमीटर आहे. लोक पायी धावत आधी पोहोचले, म्हणजे नावेचा प्रवास काही फार मोठा नसणार. एका काठावर गर्दी, दुसऱ्या काठावर गर्दी आणि मध्ये पाण्यावरचा तेवढाच वेळ. पण त्या वेळात येशू त्यांच्याबरोबर होता. आज मला तुमच्याशी या नावेतल्या वेळाविषयी बोलायचे आहे.

‘फादर, वेळच मिळत नाही’

घरभेटीला गेलो की हे वाक्य मी हमखास ऐकतो. आणि ते खोटे नसते. या दिवसांत आपल्या परभणी जिल्ह्यात रानात कामाची झुंबड असते. पेरणी उरकली की कोळपणी, खुरपणी, खत, फवारणी. सोयाबीन आणि कापूस माणसाला बसू देत नाहीत. हिवाळ्यात गव्हा-हरभऱ्याला पाणी द्यायचे तर लाईट रात्री येणार, म्हणजे रात्र रानात. शहरात कामाला जाणाऱ्यांची तऱ्हा वेगळी, पण धावपळ तीच. पहाटेची एस.टी., दुकान, ऑफिस, मुलांची शिकवणी आणि परतल्यावर पुन्हा उद्याची तयारी.

पोखर्णीच्या बाजूला एका घरी गेलो होतो. घरच्या बाईंना मी नेहमीच्या सवयीने विचारले, “रोजची प्रार्थना होते ना?” त्या भाकरी थापत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, “फादर, देवाला वेळ द्यायचाय हो, पण मला कोण देतंय वेळ?”

मी गप्प बसलो. पहाटे साडेचारला उठणारी ही बाई. पाणी, स्वयंपाक, मुलांचे डबे, मग दिवसभर खुरपणी, संध्याकाळी पुन्हा चूल. तिला ‘वेळ काढा’ असा उपदेश करणे फार सोपे होते. पण घरातल्या बाकीच्यांनी काही केले नाही तर ती वेळ काढणार कुठून? हा प्रश्न मी बरेच दिवस मनात बाळगला. त्याकडे मी पुढे येतो.

माझी स्वतःची कबुली

आजच्या पहिल्या वाचनात यिर्मया संदेष्टा कळपाची निगा न राखणाऱ्या मेंढपाळांना देवाचा इशारा देतो. हे वाचन धर्मगुरूने आधी स्वतःला वाचून दाखवावे असे आहे. म्हणून दुसऱ्यांना सांगण्याआधी माझी गोष्ट सांगतो.

एका सणाची तयारी चालू होती. मंडप, लाऊडस्पीकर, गायनवृंदाचा सराव, पाहुण्यांची जेवणे. त्या आठवड्यात माझी सकाळची मननाची वेळ रोज बुडत होती. मी स्वतःला सांगत होतो, हे सगळे देवाचेच काम आहे, मग वेगळी प्रार्थना कशाला? एका संध्याकाळी एक मध्यमवयीन गृहस्थ फाटकापाशी येऊन उभे राहिले. “फादर, दोन मिनिटं...” ते म्हणाले. मी हातातली यादी न सोडता उत्तर दिले, “उद्या या, आज अजिबात सवड नाही.” ते मान हलवून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. सण थाटात पार पडला. नंतर मला कळले की महिन्यापूर्वी त्यांचे वडील वारले होते आणि घरी येऊन एक प्रार्थना करा, एवढेच त्यांना सांगायचे होते. आठवड्याने मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चांगले स्वागत केले, तक्रारीचा एक शब्दही काढला नाही. त्यामुळेच मला जास्त लाज वाटली.

येशू नावेतून उतरला तेव्हा समोर गर्दी पाहून तो वैतागला नाही. मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखे ते लोक त्याला दिसले आणि त्याला त्यांचा कळवळा आला. माझ्या फाटकापाशी आलेले मेंढरू मला दिसलेच नाही. मला दिसला तो कामातला अडथळा. मी नावेत बसलोच नव्हतो, मग काठावर उतरून कळवळा कुठून येणार?

बंधुभगिनींनो, मला जे कळले ते एवढेच. प्रभूजवळ शांत बसणे म्हणजे कामातून आणि माणसांतून पळून जाणे नव्हे. माणसांना माणसे म्हणून पाहता यावे यासाठीच ते हवे असते. आपण प्रार्थना सोडली की काही दिवस कोणाला कळत नाही. मग बोलणे तुसडे होते, मुलांवर विनाकारण हात उठतो, म्हाताऱ्या माणसाचे तेच तेच बोलणे असह्य होते. घरच्यांना ते आपल्या आधी जाणवते.

आपल्याच वाटेवरची शिकवण

आपल्या परभणी-गंगाखेड रस्त्यावर आषाढीच्या आधी काय दिसते ते आठवा. शेगावहून पंढरपूरला निघालेली गजानन महाराजांची पालखी परभणी, दैठणा, गंगाखेड अशी पुढे जाते. त्यातले कितीतरी वारकरी शेतकरी असतात. ऐन खरिपाच्या दिवसांत ते घरचे काम कोणावर तरी सोपवून चालू लागतात. पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला माणसे लांबून येतात, त्याच नावाच्या आपल्या छोट्या रेल्वे स्टेशनवर उतरतात. आपला विश्वास वेगळा आहे, पण शेजाऱ्यांकडून शिकायला लाज कसली? ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्यासाठी माणूस ऐन कामातही वेळ बाजूला ठेवतो, हे ते आपल्या डोळ्यांसमोर दाखवतात.

आणि हे गंगाखेड तर संत जनाबाईंचे जन्मगाव मानले जाते. संत नामदेवांच्या घरी दळणकांडण करणारी ही स्त्री. तिला कोणी बसायला पाट दिला नव्हता, की ध्यानाला वेगळी खोली दिली नव्हती. तिने जात्यापाशीच देवाला हाक मारली. आपल्या आजी-पणजींनीही पहाटे जात्यावर ओव्या म्हटल्या. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडहून आलेले येशूसंघीय धर्मगुरू. त्यांनी ख्रिस्तचरित्र मराठीत लिहिले तेव्हा ओवीचाच छंद निवडला. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली गोव्यातील राचोल येथे छापले गेले आणि त्यात सुमारे 11,000 ओव्या आहेत. राबणाऱ्या माणसाच्या तोंडी बसेल अशा चालीत शुभवार्ता गेली पाहिजे, हे त्यांना कळले होते.

संत फ्रान्सिस डी सेल्स यांचा सल्ला

आपल्या मराठवाड्यात कॅथलिक श्रद्धा रुजवण्यात संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाने चालणाऱ्या मिशनरी संस्थेचा मोठा वाटा आहे. ही संस्था 1838 साली आनेसी येथे स्थापन झाली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिचे धर्मगुरू घोगरगावसारख्या खेड्यांत येऊन राहिले. पुढे 1977 मध्ये आपला औरंगाबाद धर्मप्रांत झाला. ज्या संताच्या नावाने ते आले त्या संताने नेमके आपल्याच प्रश्नावर एक पुस्तक लिहिले आहे, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल.

संत फ्रान्सिस 1602 पासून 1622 मध्ये त्यांना मरण येईपर्यंत जिनिव्हाचे बिशप होते आणि आनेसीत राहत. संसारातल्या एका स्त्रीला त्यांनी आध्यात्मिक मार्गदर्शनाची पत्रे लिहिली होती. त्यांतूनच पुढे 1609 मध्ये त्यांचे भक्तिमय जीवनाविषयीचे पुस्तक निघाले. त्या काळी अनेकांचा समज होता की खोल भक्ती मठातल्या लोकांनी करायची, प्रापंचिकांनी आज्ञा पाळल्या की पुरे. संत फ्रान्सिस यांनी हा समज खोडून काढला. त्यांचे म्हणणे असे : भक्ती प्रत्येकाला शक्य आहे, पण ज्याची त्याची भक्ती ज्याच्या त्याच्या कामाला आणि ताकदीला शोभणारी हवी. कारागीर दिवसभर देवळात बसू लागला, किंवा बिशप एकांतवासी संन्याशासारखा राहू लागला, तर ती भक्ती हास्यास्पद होईल. खरी भक्ती आपल्या कामाची हानी करीत नाही, उलट ते काम अधिक गोड करते.

त्यांच्या दोन सूचना आजही जशाच्या तशा उपयोगी आहेत. पहिली ही की सकाळच्या मननातून उठताना एखादा विचार बरोबर घ्यावा. बागेत फिरून आलेला माणूस चार फुले हाती घेऊन निघतो आणि दिवसभर त्यांचा वास घेतो, तसे. दुसरी ही की पाखरू जसे घरट्यात परतते, तसे कामाच्या गर्दीतही अधूनमधून क्षणभर आपल्या अंतःकरणात परतावे. प्रभू तिथे असतोच.

काम हीच प्रार्थना, मग वेगळा वेळ कशाला?

असे कोणी विचारील. मीही स्वतःची अशीच समजूत घातली होती, ते वर सांगितले. काम करता करता प्रार्थना करणे उत्तमच. पण येशूची सेवा तर आपल्या कुठल्याही कामापेक्षा मोठी होती. तरी संत मार्क पहिल्याच अध्यायात सांगतो की तो पहाटे अंधारात उठून एकांतात प्रार्थनेला गेला, आणि शिष्य त्याला शोधत आले. कोलकात्याच्या संत तेरेसांच्या भगिनींना गरिबांची सेवा करायला दिवस पुरत नसे. त्यांनी 1973 पासून पवित्र साक्रामेंताच्या आराधनेसाठी रोज एक तास ठेवला. काम जास्त म्हणून प्रार्थना कमी, असा हिशोब त्यांनी केला नाही.

नवरा-बायको दिवसभर एकाच रानात राबतात, म्हणून ती एकमेकांशी बोललीच असे होत नाही. त्यासाठी ओट्यावर दहा मिनिटे बसावे लागते. देवाचेही तसेच आहे.

शांत बसले की भीती वाटते

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने बोलायला हवी. काही जण शांत बसणे मुद्दाम टाळतात. एका शेतकरी बांधवाने मला सांगितले, “फादर, गप्प बसलं की कर्ज आठवतं. त्यापेक्षा मोबाईल बरा.” हे बोलायला हिंमत लागते. आपल्या मराठवाड्यात किती घरांतले कर्ते पुरुष या ओझ्याखाली जीव देऊन गेले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

अशा बांधवांना मला सांगायचे आहे : प्रभूपुढे येताना कर्ज, नापिकी, मुलीच्या लग्नाची काळजी बाहेर चपलांजवळ ठेवून यायची नसते. ती घेऊनच यायचे. शिष्यांनी येशूला सगळे सांगितले. त्यात थकवाही आला आणि योहानाच्या मरणाचे दुःखही आले. आजचे स्तोत्र 23 हिरव्या कुरणाबद्दल बोलते, तसेच अंधाऱ्या दरीबद्दलही बोलते. मेंढपाळ दोन्हीकडे बरोबर असतो. शब्द सुचत नसतील तर नुसते बसा. आणि ओझे फारच जड झाले तर ते एकट्याने वाहू नका. घरच्यांना सांगा, मित्राला सांगा, डॉक्टरकडे जा, माझ्याकडे या. ‘उद्या या’ असे मी आता म्हणणार नाही.

मग करायचे काय?

मोठे संकल्प नकोत. आपल्याला निवांत बेट मिळणार नाही, नावेतला वेळ मिळेल. तो वाया जाऊ देऊ नये.

सकाळी डोळे उघडल्यावर हात आधी मोबाईलकडे जातो. आधी क्रुसाची खूण करा. दहा मिनिटे एकाच ठरलेल्या जागी बसा. शुभवर्तमानातला एक छोटा उतारा वाचा, त्यातला एक विचार घ्या आणि उठा. दहा जमत नसतील तर पाच. पण जागा आणि वेळ ठरलेली असू द्या. ठरलेले असले की रोज नव्याने मनाशी भांडावे लागत नाही.

दुपारी बारा वाजता ख्रिस्तसभा परंपरेने देवदूताच्या निरोपाची प्रार्थना करते. फ्रान्समधील चित्रकार मिले याने 1857 ते 1859 या काळात काढलेले एक प्रसिद्ध चित्र आहे. त्यात बटाटे काढणारे एक शेतकरी जोडपे मावळतीला हीच प्रार्थना करताना मान खाली घालून उभे आहे. टोपली पायाशी आहे, अवजार जमिनीत रोवलेले आहे. आपल्या रानात घंटेचा आवाज पोहोचणार नाही, पण दुपारच्या भाकरीची वेळ तर सगळ्यांना कळते. फडके सोडण्याआधी बांधावर एक मिनिट उभे राहा.

एस.टी.त, रेल्वेच्या फलाटावर, दवाखान्याच्या रांगेत, पाण्याची मोटर चालू असताना जो वेळ जातो त्यालाही नाव समजा. दर वेळी नाही, पण दिवसातून एकदा तरी मोबाईल खिशात राहू द्या. रविवारी मिस्सा सुरू होण्याआधी पाच मिनिटे येऊन शांत बसा. धापा टाकत आलेल्या मनाला देवाचा शब्द ऐकू यायला थोडा वेळ लागतो.

आणि आता त्या माऊलीचा प्रश्न. ‘मला कोण देतंय वेळ?’ याचे उत्तर तिने द्यायचे नाही, तिच्या घरच्यांनी द्यायचे आहे. आजच्या गोष्टीत शिष्यांनी विश्रांती मागितली नव्हती. त्यांचा थकवा येशूने ओळखला. आपल्या घरात कोण थकले आहे, ते ओळखायला आपल्याला कोणी सांगायला हवे का? बंधूंनो, सकाळी पाण्याच्या दोन घागरी तुम्ही भरा. मुलांनो, आपापले डबे तुम्ही घासा. संध्याकाळी सासूबाईंनी पंधरा मिनिटे नातवंडाला घ्यावे. आणि त्या आईला, त्या सुनेला सांगा, “तू बस जरा, प्रार्थना कर, मी बघतो.” ही पंधरा मिनिटे तिला देणे हीच तुमची त्या दिवसाची मोठी प्रार्थना ठरेल. एकाने दुसऱ्यासाठी नाव वल्हवायची, म्हणजे दुसऱ्याला थोडे टेकता येते.

परवा त्याच घरी पुन्हा जाणे झाले. बाई दिसल्या नाहीत म्हणून चौकशी केली. त्यांचा थोरला मुलगा चुलीपुढे बसून भाकरी भाजत होता. भाकरी वेडीवाकडी होती आणि एका बाजूने करपलीही होती. तो हसून म्हणाला, “आई आत बसलीय फादर, जपमाळ घेऊन. पाच मिनिटं थांबता का?”

मी थांबलो. त्या दिवशी मला कुठलीही घाई नव्हती.

प्रार्थना करू या

हे प्रभू येशू, थकलेल्या शिष्यांना तू बाजूला घेतलेस. आमचीही दमछाक तुला ठाऊक आहे. दोन कामांच्या मध्ये जो थोडा वेळ आम्हांला मिळतो, त्यात तू आमच्याबरोबर बस. आमच्या घरात ज्यांना बसायलाही मिळत नाही, त्यांचा थकवा आम्हांला दिसू दे आणि त्यांचा भार उचलायला आमचे हात पुढे होऊ देत. काठावर उतरल्यावर समोर येणाऱ्या प्रत्येक माणसाकडे तुझ्या कळवळ्याने पाहायला आम्हांला शिकव. आमेन.

या आठवड्यासाठी : घरातील सर्वांनी आज संध्याकाळी एकत्र बसून ठरवावे की आपल्यात सर्वांत कमी विसावा कोणाला मिळतो, आणि त्या व्यक्तीला रोज पंधरा मिनिटे मोकळी कोण करून देणार.